अडकलेलं बटण

आकाशात माणूस खोटं बोलू शकत नाही, असं डेल्मा पास्को गेली सव्वीस वर्षं प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पहिल्याच दिवशी सांगत आली होती. जमिनीवरच्या माणसांबद्दल तिने अशी कुठलीही हमी दिलेली नव्हती.

या क्षणी ती येराबिनच्या गवताळ धावपट्टीशेजारी, फ्लाइंग क्लबच्या पत्र्याच्या खोलीत चहाचा कप धरून उभी होती. टेबलावरच्या रेडिओतून लॉइडचा आवाज, कुणीही न विचारता, खरं बोलत होता.

"जमीन एकदा तुझ्या नावावर झाली की पट्टी नांगरायला दोन दिवस पुरे, ग्रँट. कुंपणापासून त्या गव्हाच्या कोठारापर्यंत सरळ बदामाची झाडं लाव."

लॉइड तिचा भागीदार. जमीन त्याची, शिकवणं तिचं. या ग्रँटला विमान चालवायला शिकायचंय, असं तो सकाळी म्हणाला होता. विमानातलं बोलायचं बटण दाबलं की अडकतं, हे डेल्माने त्याला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्याने त्यावर चिकटपट्टी लावली होती. आता ते अडकलं होतं, विमानातला शब्द न् शब्द रेडिओवर येत होता आणि लॉइडला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि तुझी ती शिकवणारी बाई?"

"डेल? तिला नाताळानंतर सांगीन. आधी सांगितलं तर तिचा नाताळचा केक हातचा जायचा!" दोघं हसले. "एखाद्या झाडाला तिचं नाव देऊ रे. खूश होईल."

गेल्याच रविवारी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर "मी जिवंत आहे तोवर ही पट्टी हलत नाही," असं हाच म्हणाला होता. तेव्हा डेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याची तिला आता विशेष लाज वाटली.

"चल, उतरूया," रेडिओ म्हणाला. "च्यायला, ऊन अगदी डोळ्यांत येतंय. काही दिसत नाही."

डेल्माने खिडकीतून पाहिलं. पट्टीच्या मधोमध सहा कांगारू निवांत चरत होते.

तिने माइक उचलला. "लॉइड, उतरू नकोस! कांगारू आहेत!"

लॉइड बदामाबद्दलच बोलत राहिला. अडकलेलं बटण नुसतं बोलतं, ऐकत नाही. या बाबतीत ते मालकावर गेलं होतं.

तिने माइक ठेवला. नुसतं उभं राहणं सोपं होतं. काहीच न केल्याबद्दल तिला कुणी बोल लावला नसता. तिने चहाचा एक घोट घेतला. मग एक शिवी घातली, लॉइडला की स्वतःला ते तिलाही कळलं नाही, आणि पिकअपची किल्ली उचलली.

हॉर्न दाबून धरत तिने गाडी थेट पट्टीवर घातली. कांगारू एकेक करून, उपकार केल्यासारखे, बाजूला झाले. शेवटचा हलला तशी तिने गाडी कुंपणाकडे वळवली. पाठोपाठ विमानाची चाकं जमिनीला टेकली.

लॉइड हसतच उतरला. "बघितलंस, ग्रँट? आमच्या डेलशिवाय इथलं पान हलत नाही!"

डेल्मा गाडीतच बसून होती.

"काय गं, आज एवढा शुकशुकाट कसा?" तो म्हणाला. "रेडिओवर चिटपाखरू नाही."

"सगळे ऐकत होते," डेल्मा म्हणाली.

आत क्लबचा फोन वाजायला लागला. येराबिन आणि आसपासच्या अकरा धावपट्ट्या, सगळ्यांना मिळून रेडिओची फ्रिक्वेन्सी एकच आहे.