पुढच्या खेपेचा अध्यक्ष

"जगदीशचं नाव नको," मनोहर म्हणाला आणि वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

जेवणाऱ्यांचे हात थबकले. जगदीशला वाटलं, आपण चुकून काही भलतंच ऐकलं.

मागच्याच रविवारी मनोहर इथल्या, परदेशातल्या मराठी बौद्ध मंडळाचा अध्यक्ष झाला होता, तोही एकोणीस मतांनी. आज त्यानं तोआ पायोहच्या आपल्या फ्लॅटवर कार्यकारिणीला जेवायला बोलावलं होतं. विजयाच्या हाराची फुलं अजून सुकली नव्हती आणि इथे पुढच्या अध्यक्षाचा शोध सुरू झाला होता. एका निवडणुकीनं आपल्या माणसांचं पोट कधी भरत नाही.

त्यालाही कारण होतं म्हणा. मंडळाची रीतच तशी होती. आज जो सचिव होईल, तो दोन वर्षांनी अध्यक्षपदाला उभा राहणार. सचिवाचा वर्क पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, मात्र पक्का हवा. पूर्वी एका सचिवाची नोकरी गेली, महिन्याभरात त्याला देश सोडावा लागला आणि मंडळाचं सगळं दफ्तर त्याच्या सामानातून नागपूरला पोचलं. तेव्हापासून हा नियम.

"मग दुसरं आहे कोण?" धम्मानंद सर म्हणाले. मंडळातले ते सगळ्यात ज्येष्ठ. "अरुणाचं युनिव्हर्सिटीतलं काम मार्चमध्ये संपतंय. माझे गुडघे बोलायला लागलेत. जगदीश तरुण आहे, कामाचा आहे."

"त्याला वेळ नाही," मनोहर ताटाकडे बघत म्हणाला.

"मला वेळ आहे," जगदीश म्हणाला.

"नाहीये तुला. नंदा वहिनींना सातवा महिना लागलाय."

"अंकल, यू स्टँड, लाह," मनोहरची आर्या सोफ्यावरून ओरडली. "पपा प्रेसिडेंट झाले, आता सगळे वीकेंड गॉन."

सगळे हसले. मनोहर हसला नाही.

जगदीशनं हातातला घास ताटात ठेवला. राग तर होताच, पण त्याच्या खाली दुसरंच काही होतं आणि ते शुक्रवारपासून त्याला आतून कुरतडत होतं.

तो आणि मनोहर क्वीन्सटाउनच्या एकाच कंपनीत होते. मनोहर आयटीत. नवा माणूस आला की त्याचं कॉम्प्युटरवरचं खातं उघडायचं, गेला की बंद करायचं, बिघडलेले लॅपटॉप बघायचे. जगदीश एचआरमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी दार लावून जगदीशपुढे एक यादी ठेवली होती. अकरा नावं. बुधवारी सकाळी दहाला अकरा जणांना नोकरीवरून काढल्याची पत्रं द्यायची होती आणि ती पत्रं जगदीशनं तयार करायची होती.

सातवं नाव मनोहरचं होतं.

"बाहेर एक शब्द गेला, तर बारावं पत्र तुझं," साहेब म्हणाले होते. मग आवाज मऊ करून त्यांनी सांगितलं होतं, "तुझ्या सगळ्या फाइली माझ्या फोल्डरमध्ये टाकून ठेव. आणि बुधवारी सगळे गेले की तू थांब." एवढ्या वाईट दिवशीही साहेबांना आपणच जवळचे वाटतो, या विचारानं जगदीशला क्षणभर बरं वाटलं होतं. त्याची आता लाज वाटत होती.

मघाशी जेवणाआधी सगळ्यांनी पंचशील म्हटलं, तेव्हा खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी त्याचा आवाज अडकला होता. मनोहरनं तेव्हा एकदम त्याच्याकडे पाहिलं होतं. याला वास लागला की काय?

"भाऊजी, भात घ्या ना," मनोहरची बायको दमयंती वाढायला आली. "काही खात नाही आहात. आणि यांचं मनावर घेऊ नका. दोन दिवस झाले, असेच घुम्यासारखे वागतायत. मी म्हटलं, आर्याची सहावीची पीएसएलई परीक्षा पुढच्या वर्षी आहे, तोवर आपण इथून हलायचं नाही, एवढं बघा. बाकी मंडळ काय, चालतंच."

जगदीशनं मान खाली घातली. आत्ता सांगितलं तर मनोहरला तीन दिवस मिळतील. चार ठिकाणी अर्ज करता येतील, ओळखीपाळखीत शब्द टाकता येईल. पण बाहेर फुटलं तर? नंदाला या अवस्थेत घेऊन कुठे जायचं? त्यानं भात कालवायला घेतला.

सचिवाचं नाव ठरलंच नाही. पुढच्या रविवारी बघू म्हणून मंडळी उठली. जगदीश चपला घालत होता, तेवढ्यात मनोहर म्हणाला, "चल, लिफ्टपर्यंत येतो."

कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते.

"सगळ्यांसमोर मला का पाडलंस?" जगदीशनं विचारलं.

मनोहरनं लिफ्टचं बटण दाबलं. "आधी एक सांग. बुधवारी ऑफिसात काय आहे, तुला माहितीये?"

जगदीश चपलेचा पट्टा नीट करायला वाकला. "बुधवारी? नाही रे. काय आहे?"

मनोहर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सुस्कारा सोडला.

"म्हणजे तुला खरंच कळू दिलेलं नाही. मला वाटलंच." त्याचा आवाज अगदी खाली आला. "बुधवारी दुपारी बंद करायच्या खात्यांची यादी शुक्रवारीच माझ्याकडे आलीय. अकरा नावं आहेत. शेवटचं तुझं."

लिफ्ट आली. दार उघडलं. जगदीश जागचा हलला नाही.

"आज सचिव झाला असतास आणि चार दिवसांत सगळ्यांपुढे मान खाली घालावी लागली असती. म्हणून नाव येऊ दिलं नाही. शिव्या दे मला, चालेल. पण आजच अर्ज पाठवायला लाग, तीन दिवस आहेत." मनोहरनं त्याचा खांदा घट्ट धरला. "आणि हे मी सांगितलं, असं कुठे बोलू नकोस हं. माझी नोकरी जाईल."