पक्का जोड

“परत गेला का आवाज?” डिकी उघडता उघडता गाड्यांना स्पीकर बसवून देणाऱ्या बेसवाल्यानं विचारलं.

“गेला. लाल दिवा लागतो आणि सगळं चिडीचूप,” काका म्हणाले आणि कोणी बसा म्हणायच्या आत उलट्या क्रेटवर बसलेही.

गाडी मुलाची. तो परदेशी गेला, गाडी वडिलांकडे राहिली. डिकीतल्या दोन अगडबंब सबवूफर स्पीकरांसकट.

बेसवाला अर्धा डिकीत शिरला आणि तिथूनच बोलू लागला. हात चालला की त्याची जीभही चालायची. सासू राहायला आली होती. घोरण्यावरून बायकोनं त्याची उशी बाहेरच्या खोलीत फेकली होती. धाकटीनं नाकात शेंगदाणा घातला होता आणि डॉक्टरांनी चिमटा उचलायच्या आत तो शिंकेसरशी त्यांच्याच चष्म्यावर बसला होता.

काका खो खो हसले. हसता हसता ठसका लागला. इथं येईपर्यंत कालपासून घशातून शब्द निघाला नव्हता, घसा गंजल्यासारखा झाला होता.

“हे बघा!” बेसवाल्यानं वायर वर धरली. “पुन्हा जोड बदललाय. हे स्पीकर दोन-दोन ओहमचे. एकामागे एक जोडले तर चार ओहम होतात, ते ऍम्प्लिफायरला झेपतं. असे शेजारी-शेजारी जोडले की उरतो एक. मग अडवायलाच कोणी नाही! करंट सुसाट सुटतो आणि ऍम्प्लिफायर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. कोण हात लावतं हो याला?”

“कोण लावणार? घरात मी एकटाच,” काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

बेसवाल्याचं लक्ष नव्हतं. काकांनी हळूच दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडलेले हात होते ते. काल संध्याकाळी त्यांनीच तो जोड सोडवून असा बांधला होता.

“आता कायमचा बंदोबस्त करतो,” बेसवाला म्हणाला.

“एवढं कशाला? नुसती टेप गुंडाळ की.”

“छे! माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. किती हेलपाटे घालणार?”

कथील वितळलं. जोडावर काळी नळी चढली आणि गरम हवा लागताच आवळून बसली. काकांनी वाकून त्यावरून अंगठा फिरवला. कुठे उंचवटा नाही, कुठे फट नाही. असा जोड तोडायला त्यांचा हात कधीच धजला नसता.

गाणं लावलं तसं क्रेटसुद्धा थरथरलं.

“आता जन्मात बिघडणार नाही,” हात पुसत बेसवाला म्हणाला. “पुन्हा म्हणून यायला नको तुम्हाला!”

“छान झालं,” काका म्हणाले. निघवेना, म्हणून त्यांनी विचारलं, “धाकटी बरी आहे ना आता?”

“एकदम!” बेसवाल्याचं डोकं तोवर दुसऱ्या गाडीत गेलं होतं.

सिग्नलला गाडी थांबली. मागून धाडधाड चालूच होती. शेजारच्या गाडीतली बाई वळून त्यांच्याकडे पाहत होती. काका तिच्याकडे बघून हसले.

तिनं काच वर केली.