तिसरी मेल

मेल उघडली आणि मावशींनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"प्रिय ग्राहक, आपलं ऑनलाइन पैशांचं खातं आज दुपारी बंद होत आहे. ते चालू ठेवण्यासाठी ताबडतोब खालची लिंक दाबा."

पलीकडच्या दालनात बावीस म्हातारी माणसं होती. त्यांच्या औषधांसाठी देणग्या याच खात्यात यायच्या, आणि वृद्धाश्रमाचं हे खातं मावशी सांभाळायच्या. अजून तरी.

कॉम्प्युटरवाले मास्तर न सांगता बनावट मेल पाठवून परीक्षा घ्यायचे. मावशी दोनदा फसल्या होत्या. "तिसऱ्यांदा फसलात तर खुर्ची सोडा," आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं.

आचारी दारातून डोकावला. "काय मावशी, भूत बघितलंत की काय?"

"भूत परवडलं रे बाबा. ते निदान समोर येऊन घाबरवतं."

"नका दाबू काही. माझं ऐका, कॉम्प्युटरच बंद करा!"

"म्हणजे उंदीर शिरला म्हणून घर जाळू? जा, तुझी आमटी करपतेय."

तो पळाला. मनातल्या मनात देवाचा धावा करत मावशींनी मास्तरांचा एकेक शब्द आठवला. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. कंपनीचं नाव बरोबर, पुढचं शेपूट भलतंच. त्यांचं नाव कुठेच नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक'. वर घोड्यावर बसल्यासारखी घाई. न दाबता बाण लिंकवर नेला. खाली तिसराच पत्ता उमटला.

"लबाडा!" त्या पडद्यावर खेकसल्या. "देवा, वेळेला धावलास रे!"

मेलच्या तळाशी बारीक पट्टी होती : 'मेल संशयास्पद वाटते? इथे तक्रार नोंदवा.' त्यांनी ती दाबली. खात्याच्या लॉगिनचं पान उघडलं. एकही अक्षर न चुकता मावशींनी नाव आणि पासवर्ड टाकला आणि तक्रार रीतसर नोंदवली.

हिरवी अक्षरं झळकली : 'अभिनंदन! आपण फसवणूक ओळखलीत.'

मावशींनी पदराने घाम पुसला. डोळेही पुसले. आता खुर्ची कुणी मागणार नव्हतं.

जेवणाच्या वेळी मास्तर आले. त्यांना बसूही न देता मावशी म्हणाल्या, "पकडली हो तुमची मेल! तक्रारसुद्धा नोंदवली. आता द्या पैकीच्या पैकी."

मास्तर दारातच थांबले.

"कुठली मेल, मावशी? मी तर या वेळी अजून पाठवलीच नाही."