आल्याचा रस

सरिताला तिसरा महिना लागला आणि सकाळ झाली की तिच्या पोटात ढवळायला लागायचं. सासूबाईंनी, म्हणजे वत्सलाबाईंनी, उपाय करायचे काही बाकी ठेवले नाहीत. आल्याचा रस झाला, लिंबू झालं, साळीच्या लाह्या झाल्या. दिंडोरीच्या त्या गल्लीत त्यांच्या मायेचा डंका वाजला.

एक काम मात्र त्यांनी सुनेच्या हातून काढून घेतलं नाही. घरात नवा गॅस आला तरी रोज सकाळी परसातल्या चुलीवर सासूच्या मशेरीसाठी तंबाखू भाजायची ती सरितानंच.

"आत्याबाई, मला त्या धुरानंच उमळून येतं," ती दोनदा बोलली.

"धुरानं कुणी ओकतं का? हे पोटातल्या लेकराचं हाय. आल्याचा रस घे, गुण येईल."

तिसऱ्यांदा सरितानं रसाची वाटी बाजूला ठेवली आणि तवा न् तंबाखूचा पुडा सासूच्या पुढ्यात आदळला. "आजपासून तुमची मशेरी तुम्ही भाजा. मी नाय भाजणार."

वत्सलाबाई तणतणत चुलीपाशी बसल्या. आधी लेकी भाजायच्या, मग सून. स्वतः तवा धरून त्यांना बारा वर्षं झाली होती. तंबाखू करपायला लागली, धुराचा पहिला लोट तोंडावर आला आणि त्या तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाल्या.

सरिता वाटी घेऊन मागोमाग गेली.



"घ्या आत्याबाई, आल्याचा रस. कितवा महिना तुम्हाला?"