पत्र्यांची धूळ

सलाइनच्या खोलीत उपासनीसाहेबांना पाहताच हिराजी घरत दारातच थांबला. "या मानसाजवल मी बसनार नाय," तो सिस्टरला म्हणाला. पण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. तो त्यांच्याकडे पाठ करून बसला.

सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात हिराजीने एकवीस वर्षं ॲस्बेस्टॉसची पोती फोडली होती. तोंडाला मास्क मागितला, तेव्हा मॅनेजर असलेले हेच उपासनी हसले होते. "धुळीने कोणी मरत नाही, घरत." आता त्याच धुळीने दोघांनाही फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन शक्य नव्हतं, म्हणून दोन नवी औषधं एकत्र देऊन पाहणाऱ्या चाचणीसाठी दोघांनीही सह्या केल्या होत्या.

सलाइनमधून औषधांच्या चार फेऱ्या झाल्या. उपासनी दर वेळी काहीतरी बोलायला जायचे, हिराजी तोंड फिरवायचा.

स्कॅननंतर डॉक्टरीणबाई आल्या. हिराजीची गाठ आक्रसली होती, त्याची औषधं चालू राहणार होती. उपासनींची वाढली होती. त्यांची औषधं आजपासून बंद.

बाई गेल्यावर उपासनी हळूच म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं रे."

हिराजी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "मंग तुमच्या केबिनची खिडकी बारा महिने बंद का असायची?"

उपासनींनी मान खाली घातली. "धूळ यायची आत," ते म्हणाले.

हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढीच हिराजीची इच्छा होती. ते ऐकूनही त्याला त्यांची दया आली नाही. त्याने बाही वर सारली आणि सलाइन लावायला सिस्टरला हाक मारली.