कुमागाईची एक आठवण

माइक फिरत फिरत अंबरीषच्या हातात आला, आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही हे त्याच्या लक्षात आलं.

जपानमधल्या सेंदाई शहरात, सोबा नूडल्सच्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं गुडघे दुमडून बसली होती. समोर टेबलावर तीन फोटो. संघाचे तीन जुने खेळाडू यंदा वारले होते. बेसबॉलचा सीझन संपला की हे चाहते असे जमत. गेलेल्या प्रत्येकासाठी स्टेडियममध्ये गायलं जाणारं गाणं हलक्या आवाजात म्हणत, मग ज्याला जे आठवेल ते तो सांगे. शेवटचा फोटो कुमागाईचा. बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा कॅचर, चाळिशीही न गाठलेला. फोटोशेजारी त्याची आई बसली होती, काळ्या कपड्यांत.

त्याच्या मुलीचं, ओवीचं, सांगून झालं होतं. अकरा वर्षांची ओवी या संघावर जीव टाकायची. "पिचर घाबरला की कुमागाई पळत जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगायचा आणि पिचर हसायचा," ती म्हणाली होती. "काय सांगायचा, ते मला विचारायचं होतं." हॉलमध्ये माना डोलल्या. मग तिने माइक बाबाला दिला.

अंबरीष सहा सीझन तिच्या शेजारी बसला होता, फोनमध्ये डोकं घालून. ऑफिसच्या पुण्यातल्या टीमचे मेसेज संपायचे नाहीत. लोक ओरडत उठले की तोही उठायचा, बसले की बसायचा. कुमागाईचा चेहरा त्याने नीट पाहिला तो आत्ता, फोटोत.

"बाबा, पास म्हण ना," ओवी कुजबुजली.

तेवढं म्हणून भागलं असतं. पण समोर ऑफिसचे साकुराई-सान बसले होते. दरवर्षी तेच दोघांसाठी तिकिटं राखून ठेवत. ते कौतुकाने त्याच्याकडे बघत होते.

"एकदा मॅच संपल्यावर," अंबरीष बोलू लागला, "स्टेडियमच्या सायकल स्टँडवर माझ्या मुलीच्या सायकलची चेन पडली होती. मला बसवता येईना. ही रडकुंडीला आली. तेवढ्यात कुमागाई-सान आले. युनिफॉर्ममध्येच खाली बसले, चेन बसवून दिली. हात काळे झाले, तर म्हणाले, ‘असू द्या.’ आणि गेले. संघ त्या दिवशी हरला होता."

कुणीतरी नाक ओढलं. साकुराई-सान चष्मा काढून डोळे पुसू लागले. अंबरीषने माइक घाईघाईने पुढे सरकवला. ओवीकडे बघायचं त्याने टाळलं.

कार्यक्रम संपल्यावर कुमागाईची आई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आली.

"त्याला चेन बसवता येत नव्हती," ती म्हणाली. "शाळेत असताना रोज सायकल ढकलत घरी यायचा आणि मीच बसवून द्यायचे. मी म्हणायचे, मोठा झाल्यावर कोण बसवून देणार तुला?" ती हसली. मग तिने फोटोकडे वळून पाहिलं. "शिकला म्हणजे. कधी शिकला, मला कळलंच नाही."

अंबरीषचे कान तापले. आत्ता सांगावं, या क्षणी. त्याने तोंड उघडलं, पण तोवर ती ओवीपुढे वाकली होती. "तू घाबरली होतीस का गं?"

ओवीने बाबाकडे पाहिलं. मग खाली मान घालून ती म्हणाली, "हो. थोडी."

"सगळ्यांनी त्याचा खेळ सांगितला," म्हातारी अंबरीषला म्हणाली. "खेळ मी टीव्हीवर पाहिलाय. माझा मुलगा तुम्ही सांगितलात. ती जागा मला दाखवाल? आज एवढ्या लांब आलेय, परत येणं होईलसं वाटत नाही."

स्टेडियम जवळच होतं. तिघं चालत गेले. म्हातारी मधेच थांबून दम घेई, आणि प्रत्येक वेळी अंबरीषला वाटे, आता सांगू. सायकल स्टँड आला. सीझन संपल्यामुळे तो जवळजवळ रिकामा होता.

"कुठे?"

अंबरीषने जवळच्या एका खांबाकडे बोट दाखवलं.

ती खांबाजवळ गेली. वाकून तिने तिथल्या सिमेंटवरून तळहात फिरवला, जणू अजून काळा डाग असेल. मग उभी राहून, डोळे मिटून तिने हात जोडले. अंबरीषनेही जोडले. न जोडून करणार काय? पण डोळे मिटायचा त्याला धीर झाला नाही.

एक माणूस आपली सायकल घ्यायला आला होता. ती नेमकी त्याच खांबाला लावलेली. म्हातारीला पाहून तो चार पावलं मागेच थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हलक्या आवाजात ओवीला विचारलं, "इथे काही झालं होतं का?"

अंबरीष घाईने पुढे झाला.

ओवीने बाबाकडे वळूनही पाहिलं नाही. शाळेत शिकवलेल्या स्वच्छ, अदबशीर जपानीत, एकही शब्द न अडखळता ती त्या माणसाला सांगू लागली, "एकदा मॅच संपल्यावर माझ्या सायकलची चेन पडली होती…"