मुंग्यांच्या दोऱ्या

"एकही शिल्लक नाही," असं म्हणून थोरल्याने पाठीवरचा फवारणीचा पंप खाली ठेवला.

धाकटा आठ दिवसांनी बायकोला इस्पितळातून घेऊन आला होता. तिला घरात निजवून तो तडक काजूच्या बागेत आला. झाडांना मोहोर फुटत होता आणि झाडांखाली तांबड्या मुंग्यांचा सडा पडला होता. पानं शिवून केलेली त्यांची घरटी मात्र वर जशीच्या तशी होती, भाड्याने द्यायला काढल्यासारखी.

"तुझ्या घरात दुखणं, आणि बागेत ही जत्रा," थोरला म्हणाला. "म्हटलं, आपणच उरकून टाकावं. दोन दिवस खपलो. ही मान बघ."

धाकट्याने मान पाहिली. चांगल्या टपोऱ्या गांधी उठल्या होत्या.

"दादा, मोहोराचा रस शोषणारे ढेकूण या मुंग्या खातात. मीच सोडल्या होत्या. चार वर्षं लागली बागभर व्हायला."

"मुंग्या कुणी सोडतं का रे? जागरण झालंय तुला." थोरल्याने त्याच्या पाठीवर थोपटलं. "आणि ढेकणांची काय काळजी? त्यांच्यावर वेगळं औषध आहे. दर पंधरा दिवसांनी मारायचं. मी येत जाईन ना!"

धाकट्याच्या ओठावर बरंच काही आलं. पण याच माणसाने आठ दिवस त्याच्या गाईची धार काढली होती. रोज सकाळी त्याच्या लेकीची वेणी घातली होती. वाकडी, पण घातली होती. अशा माणसावर कसं ओरडायचं, हे त्याने वाचलेल्या शेतीच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

"उपकार झाले, दादा."

"घरच्या माणसाचे कसले उपकार! अरे हो, त्या झाडाझाडांतल्या दोऱ्या रे कशाला?"

"मुंग्यांना जायला-यायला."

थोरला पोट धरून हसला. "गळ्यात अडकून मेलो असतो मी! सोडवून आणल्यात सगळ्या. फुकट नाही घालवल्या हो."

खरंच नव्हत्या घालवल्या. संध्याकाळी धाकटा परसात आला, तेव्हा भिंतीच्या खिळ्यापासून खांबापर्यंत त्या ताणून बांधल्या होत्या आणि त्यांवर इस्पितळातून आलेले कपडे वाळत होते.

एका दोरीवर एक मुंगी होती. दोरीबरोबरच आली असावी. खिळ्यापर्यंत जायची, झाड लागायचं नाही, माघारी फिरायची. खांबापाशीही तेच. मधे बायकोच्या टॉवेलाला लावलेला चिमटा आला की अडखळायची.

धाकटा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने चिमटा काढला. टॉवेल घसरून मातीत पडला.

"अरे, ओला आहे अजून," थोरला मायेने म्हणाला. "राहू दे. मी बघतो सगळं."